गॅसचा वास नेमका कधी येतो ते बघा, मग नळी बदला

गॅसचा वास आला की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं, "अगं, बटण चालू राहिलंय का बघ." बटण बंदच असतं. मग दुसरं वाक्य, "नळी खराब झाली असेल, आणा नवीन." मग कोणीतरी स्कूटरवर जाऊन नळी आणतं, बसवतं, दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवायला गेलं की परत तोच वास. कारण नळीत काही नव्हतंच, टाकीच्या तोंडातली रबरी रिंग गेलेली होती. नाशकात सिडको, इंदिरानगर, जेलरोड, कुठेही जा, हे असंच चाललेलं असतं, नळी बिचारी उगाच बदलली जाते आणि खरा जोड तसाच राहतो.

म्हणून आधी जोड समजून घ्या. टाकीपासून बर्नरपर्यंत गॅस जिथून निसटू शकतो अशा जागा पाच. टाकीचा पितळी व्हॉल्व्ह आणि त्यावर बसणारा रेग्युलेटर ही पहिली, रेग्युलेटरचं नोझल (नळी चढवायची तोटी) आणि नळी ही दुसरी, नळीचं दुसरं टोक आणि शेगडीचं नोझल तिसरी, ते नोझल शेगडीच्या आतल्या पाइपला जिथे फिट केलंय ती चौथी (हल्लीच्या काचेच्या शेगड्यांना फिरणारं नोझल असतं ना, तिथे ही जागा जास्त नाटकं करते), आणि पाचवी म्हणजे शेगडीचे कॉक, आपण ज्याला बटणं म्हणतो ती. नळीचा मधला भाग यात मी धरलाच नाही कारण नळी मधे फुटायचं प्रमाण टोकाच्या मानाने कमी, पण उंदीर असतील तर गोष्ट वेगळी, त्यावर पुढे येतोच.

आता मुद्द्याचं. वास कधी येतो यावरून जागा बऱ्यापैकी ओळखता येते.

रेग्युलेटरचा नॉब ऑफ आहे आणि तरी टाकीजवळ वास येतोय, तर संशय टाकीच्या व्हॉल्व्हवर. आपला घरगुती रेग्युलेटर कसा चालतो तर नॉब ऑन केला की आतली दांडी खाली येऊन व्हॉल्व्हमधली पिन दाबते आणि गॅस सुटतो, ऑफ केला की पिन स्प्रिंगने परत वर येऊन तोंड बंद करते. ती पिन नीट बसली नाही, तिथे कचरा अडकला किंवा ती झिजली तर नॉब ऑफ असूनही गॅस झिरपत राहतो. याला गॅसवाले पिन लीक म्हणतात. यात तुम्ही आम्ही काही दुरुस्त करायचं नाही, टाकीच बदलून मागायची.

नॉब ऑफ असताना काही वास नाही, ऑन केला की शेगडी पेटवायच्या आधीच टाकीपाशी वास, तर बहुतेक ती काळी रबरी रिंग. व्हॉल्व्हच्या तोंडात डोकावून बघितलं तर आतल्या कडेला एक बारीक काळी गोल रिंग दिसते, कोणी तिला वॉशर म्हणतं कोणी ओ-रिंग. रेग्युलेटर आणि व्हॉल्व्हमधली फट हीच बुजवते. ती कधी चिरलेली असते, कधी वाळून कडक झालेली, आणि कधी कधी टाकीत नसतेच. नवीन टाकी लावली आणि लगेच वास यायला लागला, आदल्या टाकीला काही नव्हतं, तर नव्वद टक्के वेळा मी तरी आधी हीच बघतो. रेग्युलेटर तोच, नळी तीच, शेगडी तीच, बदललं काय तर टाकी, मग दोष टाकीतच शोधायचा ना.

नॉब ऑन, टाकीपाशी काही नाही, पण ओट्यावर शेगडीच्या मागे वास, तर नळीचं वरचं टोक किंवा शेगडीचं नोझल. आणि शेगडीच्या पुढच्या बाजूला, बटणांपाशी वास असेल तर कॉक. कॉक घट्ट फिरायला लागलेत, वंगण सुकलंय, असं झालं की तिथून गॅस जातो, ते काम मेकॅनिकचं. घरचं खोबरेल तेल घालून कॉक सैल करणारे बरेच बघितलेत, कृपया नको.

अजून एक, टाकी संपत आली की थोडा जास्त वास येतो. गॅसला स्वतःचा वास नसतो, कळावं म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं वासाचं द्रव्य मिसळलेलं असतं आणि ते तळाशी उरलेल्या गॅसमध्ये जास्त साठतं. पण "टाकी संपत आली असेल" असं म्हणून सोडून देऊ नका, साबणाचं पाणी लावून बघा आणि मगच सोडा.

साबणाच्या पाण्याची चाचणी सगळ्यांना माहीत असते आणि धड कोणीच करत नाही. वाटीत थोडं पाणी, त्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब किंवा अंगाच्या साबणाचा चुरा, चांगला फेस येईल एवढं ढवळा. शेगडीची सगळी बटणं बंद, रेग्युलेटर ऑन. आता जुना दाढीचा ब्रश किंवा स्पंजचा तुकडा घेऊन एकेका जोडाला भरपूर फेस लावा आणि थांबा. हे थांबणंच लोक करत नाहीत. मोठी गळती असेल तर लगेच फुगे फुगतात पण बारीक असेल तर अर्धा-एक मिनिट जातं आणि मग एकाच जागी एकसारखे बारीक बुडबुडे यायला लागतात, एखादा फुगा हळूहळू मोठा होतो, फुटतो, परत तिथेच येतो. लावतानाचे फुगे वेगळे, ते बसून जातात. नळीखालची बाजू दिसत नाही तिथे मोबाइलचा टॉर्च लावावासा वाटतो, पण घरात वास असेल तर मोबाइल हातात घेऊच नका, आधी गॅस घालवा मग चाचणी. वास भरलेला नाही, नुसता अधूनमधून संशय येतोय, तेव्हाचीच ही चाचणी आहे. आणि काडी पेटवून बघायची नाही, हे २०२० नंतरही सांगावं लागतं कारण परवापर्यंत एक काका लायटर घेऊन टाकीपाशी वाकलेले मी बघितलेत.

व्हॉल्व्हची पिन तपासायची असेल तर रेग्युलेटर काढून व्हॉल्व्हच्या तोंडात साबणाच्या पाण्याचे थोडे थेंब सोडायचे, बुडबुडे आले तर पिन लीक. मग लगेच टोपी लावायची. टाकीसोबत दोरीला बांधलेली प्लास्टिकची टोपी येते ना, ती सील काढल्यावर कचऱ्यात टाकायची वस्तू नाही. ती व्हॉल्व्हवर घट्ट बसवली की पिन लीक असला तरी गॅस थांबतो. दोरी तोडू नका, टोपी टाकीलाच लटकू द्या. वास येत असताना ऐनवेळी तीच सापडत नाही आणि मग लोक फडकं कोंबतात.

या सगळ्याची सुरुवात खरं तर दारातच होते. टाकी आली की गॅसवाला दादा घाईत असतो, आपणही ओटीपी सांगून मोकळे होतो. तसं करू नका. सील बघा, वजन बघायला सांगा (टाकीवर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं, त्यात १४.२ मिळवा), आणि सरळ म्हणा, "दादा, वॉशर बघून द्या ना एकदा." चांगला माणूस असेल तर तो स्वतःच टोपी काढून तपासतो, त्याच्याकडे बहुतेक वेळा जादा वॉशरही असतात आणि ते बसवायचं हत्यारही. त्याने वॉशर बदलला तर बदलू द्या, आपण मात्र चिमटा, सुई, पिन असलं काही त्या तोंडात घालायचं नाही, पिन दाबली गेली की गॅस जोरात अंगावर येतो. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो तो वैतागतो, म्हणतो किती वेळ घेता." वैतागू द्या. तो वैतागून खाली जाईल, टाकी तुमच्या ओट्याखाली महिना-दीड महिना राहणार आहे.

तेव्हाच टाकीवरची तारीख पण बघा. वरच्या कड्याला टाकीशी जोडणाऱ्या ज्या उभ्या पट्ट्या असतात त्यांच्या आतल्या बाजूला एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी म्हणजे जूनपर्यंत, सी सप्टेंबर, डी डिसेंबर, आणि पुढचे आकडे साल. म्हणजे सी-२८ असेल तर सप्टेंबर २०२८ पर्यंत. ही गॅसची एक्सपायरी नव्हे, टाकीची पुढची तपासणी केव्हा करायची त्याची तारीख आहे. तारीख उलटून गेलेली टाकी घेऊ नका, परत करा, तो आपला हक्क आहे.

आता नळी. बाजारात अजूनही ती जुनी हिरवी साधी रबरी नळी मिळते, काही ठिकाणी निळी पण बघितली. ती आणू नका. आत तारेची जाळी असलेली नारिंगी नळी, जिला एजन्सीत सुरक्षा नळी म्हणतात, तीच घ्या. हिरवी दोन वर्षांत बदलायची असायची, या नारिंगीची मुदत पाच वर्षं. पण पाच वर्षं म्हणजे डोळे मिटून पाच वर्षं नाही. नळीवर छापलेलं वाचा: आयएसआयचा शिक्का, आयएस ९५७३ हा नंबर, कंपनीचं नाव, बनवल्याचा महिना आणि साल, आणि सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर. तो नंबर बीआयएस केअर नावाच्या सरकारी अॅपमध्ये टाकला की लायसन्स खरं आहे की नाही ते कळतं, दुकानात उभं राहूनच टाका. मेन रोडला किंवा भांडी बाजारात दोन नळ्या शेजारी शेजारी टांगलेल्या असतात, दोन्ही नारिंगीच, एक निम्म्या किमतीत. छाप नखाने खरवडला की निघतो ती कुठली ते तुम्हालाच कळेल. मी तर सांगतो एजन्सीतूनच घ्या आणि पावती घ्या, पावती जपून ठेवा. देव न करो पण काही अपघात झाला तर गॅस कंपन्यांचा विमा असतो आणि तेव्हा नळी आणि रेग्युलेटर आयएसआयचे होते का हे विचारलं जातं.

लांबी दीड मीटरच्या आत. "थोडी मोठी दे, टाकी बाल्कनीत ठेवायचीय" असं नाही चालत. दोन नळ्या मधे जोडून लांब करायची नाही, भिंतीत भोक पाडून पलीकडे न्यायची नाही, आणि टी (तीन तोंडांचा जोड) लावून एकाच रेग्युलेटरवर शेगडी आणि गीझर दोन्ही चालवायचे नाहीत. हे शेवटचं आपल्या नाशिकमध्ये फार आहे कारण थंडी, आणि गॅस गीझर स्वस्त पडतो. गीझरला वेगळी टाकी, वेगळा रेग्युलेटर, आणि तो बंद बाथरूमच्या आत तर अजिबात नको. तिथे प्रश्न गळतीचा नाही, कार्बन मोनॉक्साइडचा आहे आणि त्याला वासच नसतो.

नळी कधी बदलायची? तारीख झाली की बदलायचीच, पण त्याआधीही जर हातात घेऊन वाकवल्यावर वरच्या थरावर बारीक भेगा दिसल्या, टोकाशी ती फुगून सैल झाली, हाताला चिकट लागली, कुठे भाजल्याचा काळा डाग दिसला किंवा आतली तार उघडी पडली तर लगेच. नोझलवर जिथे ती चढवलेली असते तिथली दोन-तीन इंच जागा सगळ्यात आधी जाते. ती जागा नीट बघा, ओट्याच्या मागच्या बाजूला फोडणीचं तेल उडून तिथे एक काळपट थर बसतो, तो ओल्या फडक्याने पुसला की खाली भेग दिसते, पुसल्याशिवाय नाही दिसत. नळीवर कापडाचं किंवा प्लास्टिकचं कव्हर घालणारे लोक आहेत, छान दिसतं म्हणून, पण कव्हरच्या आत काय चाललंय ते कोणाला दिसणार.

आणि उंदीर. पंचवटीतले, जुन्या नाशकातले वाडे, तिथल्या खोल्यांमध्ये हा त्रास खरा आहे. साधी रबरी नळी उंदीर रात्रीत कुरतडतो, तारेची नळी त्याला जड जाते पण वरचा थर तो खातोच. वर कुरतडलं आणि आतली तार दिसली म्हणजे नळी गेली असं समजा, "आत तार आहे ना" म्हणून वापरत बसू नका.

बदलताना असं करा. हे काम आपल्याला जमेल असं वाटत असेल तरच करा, नाहीतर एजन्सीचा मेकॅनिक बोलवा, त्यात काही कमीपणा नाही. शेगडीचा एक बर्नर पेटता ठेवून रेग्युलेटरचा नॉब ऑफ करा, नळीतला उरलेला गॅस जळून ज्योत आपोआप विझेल, मग बटण बंद. आता रेग्युलेटर काढा, टाकीला टोपी लावा आणि टाकी बाजूला सरकवा. देवघरातला दिवा, उदबत्ती हे आधीच विझवलेलं असावं, खिडकी उघडी. जुनी नळी नोझलला चिकटून बसलेली असते, ती जोर लावून उपटू नका, विशेषतः शेगडीच्या बाजूला, तिथलं नोझल वाकतं किंवा त्याचा पाया सैल होतो आणि मग नवीन नळी लावूनही गळती. हलकेच डावीकडे उजवीकडे फिरवत काढा. नाहीच निघाली तर नोझलच्या पुढे नळी आडवी कापून घ्या आणि उरलेला तुकडा उभा चिरून सोलून काढा, ब्लेड पितळेला लागू देऊ नका, नोझलवर ओरखडा पडला की तिथून गॅसला वाट मिळते.

नोझल कोरड्या फडक्याने पुसा. नवीन नळीचं टोक, फक्त टोक, कडकडीत नाही पण चांगल्या गरम पाण्यात अर्धा मिनिट धरा, रबर थोडं मऊ होतं. पाणी झटकून टाका, आत थेंब राहायला नको. मग फिरवत फिरवत नोझलवर ढकला, नोझलच्या सगळ्या कंगोऱ्यांच्या पलीकडे, पार मुळापर्यंत. अर्ध्यावर घट्ट लागते म्हणून लोक तिथेच थांबतात आणि वरून तार गुंडाळतात. तार रबराला कापते, गुंडाळू नका. तेल, ग्रीस, व्हॅसलिन पण नको, रबर खराब होतं आणि नळी घसरून निघते. दुसरं टोक रेग्युलेटरला, असंच. नळी शेगडीच्या खालून न जाता मागून खाली यायला हवी, कुठे मुडपायला नको, टाकीच्या कड्याखाली दबायला नको, ताणलेली पण नको. सैलसर वळण घेऊन खाली आली की बरोबर.

रेग्युलेटर बसवताना नॉब ऑफ. खालची काळी प्लास्टिकची रिंग बोटांनी वर उचलून धरा, रेग्युलेटर व्हॉल्व्हवर सरळ ठेवा, किंचित फिरवत खाली दाबा, आणि रिंग सोडा. ती खाली बसल्याचा टक असा आवाज येतो, आतले छर्रे व्हॉल्व्हच्या खाचेत अडकतात. मग रेग्युलेटर धरून सरळ वर ओढून बघा. थोडा गोल फिरला तर चालतं, घाबरू नका, पण वर निघाला तर बसलेला नाही. नॉब ऑन करायच्या आधी हे ओढून बघणं रोजच्या सवयीत घाला, टाकी बदलताना घाईघाईत तिरका बसलेला रेग्युलेटर फार ठिकाणी असतो. नंतर परत साबणाचं पाणी, सगळ्या जोडांना. नळी नवीन आहे म्हणून चाचणी सोडू नका.

रेग्युलेटरबद्दल माझं मत स्पष्ट आहे, तो आपण उघडायची वस्तूच नाही. टाकीच्या आत गॅस द्रवरूपात आणि दर चौरस सेंटीमीटरला काही किलोंच्या दाबाखाली असतो, शेगडीला लागतो तो दाब फक्त ३० ग्रॅमच्या आसपास. एवढा दाब खाली आणायचं काम आतला एक रबरी पडदा आणि स्प्रिंग करतात. तो पडदा फाटला की रेग्युलेटरच्या वरच्या बाजूला जे बारीक भोक असतं तिथून गॅस यायला लागतो, कान लावला तर सूं असा बारीक आवाज येतो. लोक काय करतात तर ते भोक मेणाने किंवा एम-सीलने बुजवतात. भोक बुजवलं की पडद्याला हलायला हवा मिळत नाही आणि दाब नीट सांभाळला जात नाही. ते भोक मोकळंच राहायला हवं, आणि तिथून गॅस येत असेल तर रेग्युलेटर गेला. नॉब सैल फिरतो, ऑफच्या जागी थांबत नाही, खालची काळी रिंग तुटली, रेग्युलेटर पडून त्याला चीर गेली, ज्योती एकदम उंच उडतात किंवा सगळे बर्नर एकदम मंद, तरी तेच. (एकच बर्नर मंद किंवा पिवळा जळत असेल तर रेग्युलेटरला दोष देऊ नका, त्या बर्नरमध्ये किंवा त्याच्या जेटमध्ये, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक भोकात, कचरा अडकलाय.)

रेग्युलेटर हा आपल्याला डिपॉझिटवर मिळालेला असतो, तो कंपनीचा. म्हणून खराब झाला तर गॅसचं पुस्तक घेऊन एजन्सीत जायचं, स्वतःहून बिघडलेला असेल तर बदलून मिळतो, आपल्या हातून तुटला किंवा हरवला तर पैसे भरावे लागतात. रस्त्यावर मिळणारा "मीटरवाला" चकचकीत रेग्युलेटर घेऊ नका. त्यावर काटा असतो, गॅस किती उरलाय ते दाखवतो म्हणतात. काटा दाब दाखवतो, आणि टाकीतला दाब शेवटपर्यंत जवळपास तोच राहतो, द्रव संपेपर्यंत, मग काटा कसला किती उरलाय ते सांगणार.

हेच दारावर विकायला येणाऱ्यांचं. गळ्यात कार्ड, हातात फाइल, "आम्ही गॅस कंपनीकडून आलोय, तपासणी सक्तीची आहे." आमच्या बिल्डिंगमध्ये आले होते, एका आजींना नळी आणि कसलं तरी सेफ्टी यंत्र असं मिळून बरंच महाग देऊन गेले, नळीवर छापच नाही. पाच वर्षांतून एकदा तपासणी असते हे खरं आहे, पण तो माणूस तुमच्या एजन्सीचा असतो. दार उघडायच्या आधी एजन्सीला फोन लावा, त्यांनी हो म्हटलं तर आत घ्या, पावती घ्या. नाहीतर "आमचं झालंय" म्हणून दार लावा.

थंडीचं एक सांगायचं राहिलं. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली गेला, निफाडकडे तर अजून खाली, की टाकी लवकर "संपते". संपलेली नसते. टाकीत प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण असतं, प्रोपेन लवकर निघून जातो, शेवटी ब्युटेन जास्त उरतो आणि तो शून्याच्या आसपास उकळणारा, त्यामुळे थंडीत त्याची वाफ कमी होते आणि ज्योत मरगळते. मग कोणी टाकी गरम पाण्याच्या परातीत उभी करतं, कोणी आडवी पाडून वापरतं. दोन्ही बंद करा. आडव्या टाकीतून वाफेऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो, रबरी पडदा खराब होतो आणि शेगडीवर ज्योतीचा भडका उडू शकतो. टाकी नेहमी उभी, सपाट जमिनीवर, ओट्याच्या खाली शेगडीपेक्षा खालच्या पातळीला. ओट्याखाली कपाट करून दार लावलं असेल तर दाराला खाली आणि वर जाळी ठेवा. टाकीचा गॅस हवेपेक्षा जड, तो वर न जाता फरशीवर साचतो, दारं बंद कपाटात तर गुपचूप भरत राहतो.

आणि वास जोरात असेल तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा. कुठलाही दिवा लावू नका, आणि चालू असलेला बंदही करू नका, बटण दाबताना दोन्ही वेळा ठिणगी पडते. एक्झॉस्ट फॅन नको, फ्रिज उघडू नका. रेग्युलेटर ऑफ, काढून टोपी, दारं-खिडक्या उघड्या, बाल्कनीचं दार आधी कारण ते फरशीपर्यंत उघडतं. तळमजल्याला मोरीचं तोंड जवळ असेल तर गॅस तिकडे साचतो हे लक्षात ठेवा. माणसं बाहेर काढा आणि बाहेर गेल्यावर फोन, १९०६ हा गॅस गळतीचा नंबर चोवीस तास चालतो, तिन्ही कंपन्यांसाठी एकच. मेन स्विच घराबाहेर पॅसेजमध्ये असेल तर तिथून बंद करा. आग लागलेली असेल तर १०१. फोनमध्ये हे दोन नंबर आणि एजन्सीचा नंबर आत्ताच सेव्ह करा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनमध्ये पण, आणि स्वयंपाकाला मावशी येत असतील तर त्यांनाही रेग्युलेटर ऑफ करून टोपी लावायचं एकदा हाताने करून दाखवा.

नाशकात आता काही भागांत पाइपचा गॅस आलाय, एमएनजीएलचा (महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड). तो वेगळा, हवेपेक्षा हलका, त्याच्या शेगडीचे जेट बदलावे लागतात आणि त्याच्या नळीला, व्हॉल्व्हला हात त्यांच्याच माणसाने लावायचा. टाकीची शेगडी तशीच उचलून त्या पाइपला लावू नका, आणि उलटंही नको.

जुनी नळी काढली की ती घंटागाडीत अख्खी टाकू नका, कोणीतरी उचलून पुसून परत विकतो नाहीतर कोणाच्या तरी भट्टीला लावतो. तार असल्यामुळे विळीने कापली जात नाही, पकडीने किंवा हॅक्सॉने दोन-तीन तुकडे करा आणि मग टाका. आणि जुना रेग्युलेटर भंगारवाल्याला नाही, एजन्सीत परत.